कॉमन नाउन, प्रॉपर नाउन आणि कॅपिटलचा घोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मेल, बायोडेटा, लग्नपत्रिका, मुलांचा गृहपाठ, सोसायटीची नोटीस, कुठूनही सुरुवात झाली तरी प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून ठेवलेत. बेसिक आधी, वाकडे नंतर. जे आधी येऊन गेलंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय. इंग्रजी शब्दही देवनागरीतच लिहिलेत, स्पेलिंग तुम्हाला माहीत आहेच.

१. सामान्यनाम आणि विशेषनाम म्हणजे नक्की काय? शाळेतलं पार विसरलोय.

एका जातीच्या सगळ्यांना चालतं ते सामान्यनाम: नदी, मुलगी, शहर, गाडी. त्या जातीतल्या एकालाच ओळखता यावं म्हणून ठेवलेलं ते विशेषनाम: कोयना, स्नेहल, सांगली, डेक्कन क्वीन. इंग्रजीतले कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन ते हेच. मराठी व्याकरणात याच्या जोडीला भाववाचक नाम पण असतं, म्हणजे गोडी, श्रीमंती, आनंद वगैरे, आणि परीक्षेत पोरांना तेच नडतं कारण आनंद हा भाव पण आहे आणि शेजारच्या काकूंचा मुलगा पण आहे (प्रश्न ३ बघा). साखर, सोनं, कळप, समिती हे सगळे सामान्यनामातच जातात, काही पुस्तकं त्यांना पदार्थवाचक, समूहवाचक अशी वेगळी नावं देतात तेवढंच.

२. पटकन ओळखायची काही ट्रिक आहे का?

'कोणती?' विचारून बघा. 'नदीला पूर आलाय' म्हटलं की समोरचा विचारणारच, कोणत्या? 'कोयनेला पूर आलाय' म्हटल्यावर हा प्रश्न येत नाही.

दुसरी ट्रिक मला जास्त आवडते: सरकारला किंवा घरच्यांना हे नाव बदलता येईल का? १९९५ मध्ये इंग्रजीतलं बॉम्बे जाऊन मुंबई आलं, शहर तिथेच राहिलं, लोकल त्याच गर्दीने भरलेल्या. म्हणजे बॉम्बे आणि मुंबई ही ठेवलेली नावं, विशेषनामं. पण 'शहर' हा शब्द कुठल्याही ठरावाने बदलता येत नाही, कारण ते कुणी ठेवलेलं नावच नाही.

तिसरी ट्रिक शाळेत सांगतात ती, विशेषनामाचं अनेकवचन होत नाही. ती नव्वद टक्के वेळा चालते, उरलेल्या वेळी कशी फसवते ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. मराठीत कॅपिटल अक्षरच नाही, मग वाचताना हे नाव आहे की साधा शब्द हे कळतं कसं?

देवनागरीत लहान अक्षर मोठं अक्षर असा प्रकारच नाही. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे चिन्हं मराठीने इंग्रजीकडून उचलली, इंग्रज अधिकारी मेजर कँडींचं नाव त्यासाठी घेतात, पण कॅपिटल काही उचलता आलं नाही कारण ते लिपीतच असावं लागतं. तरी आपलं अडत नाही, कारण त्यातलं बरंचसं काम विभक्ती करते.

बघा. 'आशेने वाट पाहिली' म्हणजे मनात आशा होती. 'आशाने वाट पाहिली' म्हणजे आशा नावाची कुणीतरी बसस्टॉपवर उभी होती. 'पूजेला बसली' आणि 'पूजाला बसव जरा', 'कवितेचं पुस्तक' आणि 'कविताचं पुस्तक', 'मायेने जवळ घेतलं' आणि 'मायाने जवळ घेतलं'. साध्या शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं सामान्यरूप होतं, शेवटच्या 'आ'चा 'ए' होतो, पण माणसाच्या नावाला कुणी हात लावत नाही, प्रत्यय थेट चिकटतो. पुरुषांच्या नावांचं पण तसंच, 'आनंदाने जेवला' म्हणजे खुशीत जेवला, 'आनंदने जेवण केलं' म्हणजे आनंदने स्वयंपाक केला. 'प्रकाशात बघ' आणि 'प्रकाशला बघ', 'सागरात बुडाला' आणि 'सागरला बुडवलं' (पैशाला, बहुतेक). हे कुणी मुद्दाम शिकवत नाही तरी बालवाडीतलं पोर पण मैत्रिणीबद्दल 'पूजेने मला मारलं' असं सांगत नाही. मला विचाराल तर आपलं कॅपिटल हेच, ते फक्त शब्दाच्या शेवटी येतं.

प्रत्यय नसला की मात्र गोची. 'पूजा सुरू झाली' एवढाच मेसेज आला तर गुरुजी आलेत की मैत्रीण बडबडायला लागलीय ते मागच्या मेसेजवरूनच ठरवायचं.

४. मग 'रामाने' बरोबर की 'रामने'?

राम कुठला त्यावर आहे. रामायणातला असेल तर रामाने रावणाला मारलं, सीतेला सोडवलं. ऑफिसमधला असेल तर रामने सुट्टी टाकली. तसंच राधेला आणि राधाला, अर्जुनाने आणि अर्जुनने. पुराणातली नावं भाषेत इतकी मुरलीत की ती साध्या शब्दांसारखीच चालतात. नद्यांचं पण तेच, 'गंगेत अंघोळ केली' आणि 'गंगाला फोन लाव', 'कृष्णेला पूर आला' आणि 'कृष्णाला सर्दी झाली'. त्यामुळे प्रश्न ३ मधली गंमत सगळ्या विशेषनामांना लागू होत नाही, आजूबाजूच्या हाडामांसाच्या माणसांच्या नावांनाच होते.

जुन्या लेखनात आणि आजीच्या बोलण्यात माणसांची नावं पण बदलतात, शांतेला, गोविंदाने. ते चूक नाही, जुनं वळण आहे. पण आज अर्ज, बातमी, इतिवृत्त लिहिणार असाल तर नाव जसंच्या तसं ठेवून प्रत्यय लावा, कागदावर त्या माणसाचं नाव नेमकं काय हे तरी कळतं.

५. नागपूरला की नागपुराला? आणि 'नागपुरात' लिहिताना पु ऱ्हस्व का?

नागपूरला. 'ला' लागताना बरीच गावं जशीच्या तशी राहतात, नागपूरला, नाशिकला, कराडला. 'त' लागला की सामान्यरूप होतं, नागपुरात, नाशकात, आणि तेव्हा मागचा दीर्घ 'पू' ऱ्हस्व होतो. नियम असा की गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा आणि सामान्यरूप झालं की ऱ्हस्व, म्हणून सोलापूर पण सोलापुरात, कोल्हापूर पण कोल्हापुरात. 'आ'ने किंवा 'ए'ने संपणारी गावं मात्र सगळीकडे बदलतात: पुण्याला, ठाण्याला, साताऱ्याला, गोव्याला. कुणी 'पुणेला चाललोय' म्हटलं की ओळखायचं, पाहुणे बाहेरचे आहेत. परदेशी नावांना फार त्रास देऊ नका, लंडनला, लंडनमध्ये, बोस्टनहून.

६. पेपरांची, पुस्तकांची नावं मराठीत कशी दाखवायची?

एकेरी अवतरणात. 'सकाळ' हा १९३२ पासूनचा पेपर आहे आणि सकाळ रोजच होते, त्यामुळे सकाळी वाचलं आणि 'सकाळ'मध्ये वाचलं यात अवतरणाने जीव वाचतो. प्रत्यय अवतरणाच्या बाहेर लावा आणि नाव मोडू नका: 'केसरी'ने, 'लोकसत्ता'मध्ये. 'लोकसत्तेत' पण लोक लिहितात, बोलताना तर सर्रास, पण छापायच्या मजकुरात नाव अख्खं राहिलेलं बरं. हीच अवतरणं माणसांना आणि गावांना लावत बसू नका, 'संजय' पुण्याला गेला असं लिहिलं की तो खरंच संजय आहे का असा संशय येतो.

७. आता इंग्रजी. कॅपिटल कुठे कुठे लागतंच ते एकदा सांगून टाका.

वाक्याचं पहिलं अक्षर, 'मी' या अर्थाचा आय कुठेही आला तरी, माणसांची नावं आणि आडनावं, देश, राज्य, शहर, गाव, नद्या-डोंगर यांची नावं, संस्था आणि कंपन्यांची नावं, भाषा, धर्म, राष्ट्रीयत्व (मराठी, हिंदू, इंडियन), वार, महिने, सण, आणि पुस्तकं-सिनेमे-पेपर यांची नावं. वार आणि महिने पाठच करा. मंडे, ऑगस्ट कॅपिटल, आपले चैत्र, मार्गशीर्ष रोमनमध्ये लिहिले तरी कॅपिटल, दिवाळी, गणेशोत्सव कॅपिटल. पण ऋतू स्मॉल, समर, विंटर, मान्सून सगळे. का, याला फारसं लॉजिक शोधू नका. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये वार, महिने आणि भाषांची नावं पण स्मॉलच लिहितात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

८. महत्त्वाचे शब्द उठून दिसावेत म्हणून कॅपिटल केले तर काय बिघडतं?

आपल्याकडची सगळ्यात कॉमन चूक हीच, आणि बायोडेटात ती लगेच दिसते. कॅपिटल हा मान नाही आणि ठळक पण नाही, ते फक्त सांगतं की हे ठेवलेलं नाव आहे. एक ओळ घेऊ, अशा ओळी ढिगाने येतात: 'आय हॅव कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन इन कॉमर्स फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी, कोल्हापूर अँड ॲम वर्किंग ॲज अ सीनियर अकाउंटंट इन अ रेप्युटेड कंपनी.' लिहिणाऱ्याने ग्रॅज्युएशनचा जी, कॉमर्सचा सी, सीनियर अकाउंटंटचे एस आणि ए, रेप्युटेडचा आर आणि कंपनीचा सी, सगळे कॅपिटल केलेले असतात.

एकेक बघू. ग्रॅज्युएशन लाखो लोकांचं होतं, स्मॉल. कॉमर्स ही शाखा आहे, स्मॉल. शिवाजी युनिव्हर्सिटी हे एका विद्यापीठाचं नाव आहे, दोन्ही शब्द कॅपिटल, कोल्हापूर कॅपिटल. सीनियर अकाउंटंट हे वाक्यात आलेलं पद आहे, स्मॉल (बायोडेटात पदाची वेगळी ओळ किंवा हेडिंग असेल तिथे कॅपिटल चालतं). रेप्युटेड कंपनी म्हणजे कोणतीही कंपनी, स्मॉलच, आणि तसंही तिथे कंपनीचं खरं नाव लिहिलंत तर ते आपोआप कॅपिटल होईल आणि एचआरला उपयोग पण होईल. सहा कॅपिटल गेले, वाक्य लगेच हलकं झालं.

एकच जागा अशी आहे जिथे 'द कंपनी' कॅपिटल योग्य असतं, ती म्हणजे करारनामा. भाड्याच्या घराच्या लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटमध्ये सुरुवातीला दोन पार्ट्यांची नावं देऊन त्यांना लायसन्सर आणि लायसन्सी म्हणायचं ठरवतात आणि पुढे सगळीकडे ते शब्द कॅपिटल येतात, कारण त्या कागदापुरती ती ठराविक माणसांची नावं झालेली असतात. तिथे तुमची शुद्धलेखनाची हौस भागवू नका.

९. सर, मॅडम, कलेक्टर, पंतप्रधान, आई, यांचं काय?

नावाला चिकटून आलं तर कॅपिटल, नुसतं पद म्हणून आलं तर स्मॉल. 'कलेक्टर पाटील' कॅपिटल, 'द कलेक्टर व्हिजिटेड अवर व्हिलेज' स्मॉल. 'प्राइम मिनिस्टर नेहरू' कॅपिटल, 'ही वॉज द प्राइम मिनिस्टर फॉर सेव्हन्टीन इयर्स' स्मॉल. सरकारी पत्रात सगळीच पदं कॅपिटल दिसतात, ती त्यांची पद्धत आहे, तिथे काम करत असाल तर तसंच लिहा, उगाच साहेबांशी वाद कशाला.

घरातल्या नात्यांना पण हेच. 'माय मदर' मध्ये मदर स्मॉल, कारण आधी 'माय' लागलंय म्हणजे ते नातं झालं. 'आय टोल्ड मॉम' मध्ये मॉम कॅपिटल, कारण ती तिला मारायची हाक आहे, नावाच्या जागी आलीय. 'आय टोल्ड आई' लिहिलं तरी आईचा ए कॅपिटल. माय, युवर, हिज असलं काही आधी आलं की स्मॉल, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मेलच्या सुरुवातीचं 'डिअर सर' कॅपिटल, वाक्याच्या मधलं 'येस, सर' स्मॉल.

१०. विषयांची नावं? मराठी कॅपिटल आणि हिस्टरी स्मॉल असं कसं?

कारण मराठी ही भाषा आहे आणि भाषा नेहमी कॅपिटल, प्रश्न ७ मध्ये आलंय. हिस्टरी, फिजिक्स, जॉग्रफी ही ज्ञानाची क्षेत्रं आहेत, स्मॉल. त्यामुळे 'आय लाइक मराठी अँड हिस्टरी' यात एम कॅपिटल आणि एच स्मॉल, दिसायला विचित्र दिसतं पण बरोबर आहे. मार्कशीटवर किंवा टाइमटेबलमध्ये विषयाचं अधिकृत नाव म्हणून येईल तेव्हा हिस्टरी पण कॅपिटल.

११. नदी, किल्ला, घाट, ईस्ट-वेस्ट हे शब्द नावाला जोडून आले तर?

नावाचा भाग झाले तर कॅपिटल. 'कोयना रिव्हर', 'सिंहगड फोर्ट', 'वेस्टर्न घाट्स' (युनेस्कोच्या यादीत २०१२ पासून याच नावाने आहेत) सगळे शब्द कॅपिटल. पुढच्याच वाक्यात नुसतं 'द रिव्हर', 'द फोर्ट' आलं की स्मॉल. दोन नावांना मिळून एक शब्द असेल, म्हणजे कराडला जिथे संगम होतो त्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या, तर 'रिव्हर्स' स्मॉल की कॅपिटल यावर स्टाइलबुकांचंच (पेपर आणि प्रकाशकांची लेखनाच्या नियमांची पुस्तकं) एकमत नाही, एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

दिशा म्हणून असेल तर स्मॉल, जागेचं नाव म्हणून असेल तर कॅपिटल. 'वॉक वेस्ट फ्रॉम द स्टेशन' स्मॉल, पण 'अंधेरी वेस्ट' कॅपिटल कारण तो पत्ता आहे आणि ईस्टला उतरलात तर पूल चढून परत यावं लागतं. वेस्ट बेंगॉल, नॉर्थ गोवा (जिल्ह्याचंच नाव आहे) कॅपिटल, 'नॉर्दर्न पार्ट ऑफ गोवा' स्मॉल.

१२. सूर्य, चंद्र, पृथ्वी विशेषनाम की सामान्यनाम? मुलीच्या सरांनी एक सांगितलं, गाइडमध्ये दुसरंच.

दोघांकडे थोडं थोडं बरोबर आहे. शतकानुशतकं माणसाला एकच चंद्र माहीत होता, म्हणजे ते त्याचं नावच होतं. मग १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार ठिपके दिसले, आणि हळूहळू 'गुरूचे चंद्र', 'शनीचे चंद्र' अशी भाषा आली, म्हणजे चंद्र ही एक जात झाली. 'चंद्र उगवला' मध्ये तो विशेषनामासारखा वागतो, 'शनीला किती चंद्र आहेत' मध्ये सामान्यनाम. इंग्रजीत रोजच्या लिखाणात सन आणि मून स्मॉलच लिहितात, खगोलशास्त्राच्या मजकुरात आपला सूर्य आणि आपला चंद्र कॅपिटल. अर्थ म्हणजे पृथ्वी, ती मार्स-व्हीनसच्या रांगेत ग्रह म्हणून आली की कॅपिटल, माती किंवा जमीन या अर्थाने स्मॉल. चांद्रयान हे मोहिमेचं नाव, ते नेहमी कॅपिटल. परीक्षेत काय लिहायचं? पाठ्यपुस्तकात असेल ते, मार्क तिथून मिळतात.

१३. झेरॉक्स, बिसलेरी, जेसीबी ही नावं ना? मग 'दोन झेरॉक्स काढ' कसं चालतं?

बोलण्यात ती कधीच सामान्यनामं झालीत. झेरॉक्स ही कंपनी आहे, पण आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर झेरॉक्सच लिहिलेलं असतं, आत मशीन कुठल्याही कंपनीचं असो. खोदणारं पिवळं मशीन दिसलं की जेसीबी, पाण्याची बाटली म्हणजे बिसलेरी, वनस्पती तूप म्हणजे डालडा. 'दोन जेसीबी आले' म्हणताना आपण संख्या लावतो म्हणजे ते जात झालं, प्रश्न २ ची टेस्ट लावून बघा.

लिहिताना मात्र फरक करा. इंग्रजीत ब्रँड म्हणून लिहिलं तर कॅपिटल, आणि वस्तू म्हणायची असेल तर शक्यतो फोटोकॉपी, एक्सकॅव्हेटर, बॉटल्ड वॉटर असं साधं नाव, कारण कंपन्या आपलं नाव सामान्य होऊ नये म्हणून कोर्टापर्यंत जातात. अमेरिकेत ॲस्पिरिनचा ब्रँड म्हणून हक्क १९२१ मध्ये गेला आणि एस्कलेटरचा १९५० मध्ये, म्हणून ते दोन्ही शब्द तिथे आज सरळ स्मॉल लिहितात. इंटरनेटचं पण असंच झालं, ब्रँड नव्हता तरी आधी आय कॅपिटल असायचा, असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये स्मॉल केला.

१४. कोल्हापुरी चप्पल, पैठणी, हापूस, वडापाव इंग्रजीत कसे लिहायचे?

गावावरून किंवा माणसावरून आलेला शब्द कॅपिटल, पुढची वस्तू स्मॉल. कोल्हापुरी चप्पलमध्ये के कॅपिटल, चप्पल स्मॉल. पैठणी पैठणवरून, म्हणून पी कॅपिटल. अल्फान्सो मँगोमध्ये ए कॅपिटल, कारण ते नाव पोर्तुगीज अफॉन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. आंब्याचं शास्त्रीय नाव मॅन्जिफेरा इंडिका, त्यात एम कॅपिटल पण इंडिकाचा आय स्मॉल, जरी तो शब्द इंडियावरून आला असला तरी, कारण शास्त्रीय नावात पहिला शब्द कॅपिटल आणि दुसरा कायम स्मॉल हा नियम बाकी सगळ्यांच्या वर. वडापाव, मिसळ, पोहे, पुरणपोळी स्मॉल. मेन्यूकार्डवर सगळंच कॅपिटल असतं, मेन्यूकार्डला व्याकरण लावू नये.

१५. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही म्हणतात, मग 'टिळक आले', 'आमच्या वर्गात तीन स्नेहल', 'घरोघरी नारद' हे काय?

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'टिळक आले' हे आदरार्थी बहुवचन, माणूस एकच, क्रियापद अनेकवचनी, नाव विशेषनामच. 'तीन स्नेहल' म्हणजे स्नेहल नाव असलेल्या तीन मुली, तिथे स्नेहल हा तात्पुरता एक गट झाला, व्याकरणवाले त्याला सामान्यनाम म्हणतात. 'घरोघरी नारद' मध्ये नारद म्हणजे कळ लावणारा माणूस, स्वभावाचं नाव, हे तर सरळच सामान्यनाम. असा कुंभकर्ण प्रत्येक घरात एक असतो, रविवारी दुपारी दिसतो. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी कॅपिटल राहतं.

आडनावांची अजून वेगळी गंमत. 'देशपांड्यांकडे हळदीकुंकू आहे', 'कुलकर्ण्यांचा कुत्रा', इथे अनेकवचन झालंय कारण अख्खं घर त्यात आलं, आणि सामान्यरूप पण अगदी साध्या शब्दासारखं. त्यात पाटील, देशपांडे, कुलकर्णी ही मूळची पदं. गावचा पाटील म्हणजे सामान्यनाम, रोमनमध्ये स्मॉल पी. तिसऱ्या मजल्यावरचे पाटील म्हणजे आडनाव, कॅपिटल पी. आणि आजचे पोलीस पाटील जे असतात त्यांचं आडनाव शिंदे पण असू शकतं.

१६. किलोमीटर, वॅट, एमबीपीएस यात कॅपिटल स्मॉलने फरक पडतो?

इथे पडतोच, आणि पैशात पडतो. नियम असा की एककाचं पूर्ण नाव स्मॉल, न्यूटन, वॅट, ॲम्पियर, जरी ते शास्त्रज्ञांच्या नावावरून आलेत तरी. पण त्यांचं चिन्ह कॅपिटल, एन, डब्ल्यू, ए. अपवाद डिग्री सेल्सियस, तिथे पूर्ण नावातही सी कॅपिटल. किलोचा के नेहमी स्मॉल, रस्त्याच्या पाट्यांवर आणि तांदळाच्या पिशवीवर काहीही असलं तरी, कारण कॅपिटल के म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. कॅपिटल एम म्हणजे मेगा, दहा लाखपट, आणि स्मॉल एम म्हणजे मिली, हजारावा भाग.

ब्रॉडबँडच्या जाहिरातीत १०० एमबीपीएस असतं त्यात बी स्मॉल, म्हणजे बिट. तुमच्या डाउनलोडमध्ये दिसतो तो कॅपिटल बी, बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे १०० चं कनेक्शन उत्तम चाललं तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. यावरून कस्टमर केअरशी भांडायच्या आधी बी नीट बघा.

१७. फॉर्ममध्ये ब्लॉक लेटर्स लिहा म्हणतात, मग एका कागदावर नाव सगळं कॅपिटल आणि दुसऱ्यावर फक्त पहिलं अक्षर, हे चालतं का?

चालतं. ब्लॉक लेटर्स फक्त अक्षर नीट वाचता यावं म्हणून असतात, नाव त्याने बदलत नाही. पासपोर्टवर नाव सगळं कॅपिटलमध्ये छापतात, आधारवर बहुधा पहिलं अक्षर कॅपिटल, आणि दोन्ही एकच समजतात. खोळंबा होतो तो स्पेलिंगमुळे, कुठे दीपकमध्ये डबल ई आणि कुठे आय, कुठे वडिलांचं नाव मध्ये आणि कुठे नाही. ते आधी एकसारखं करून घ्या. पासवर्डमध्ये मात्र कॅपिटल स्मॉल वेगळे धरतात, आणि कॅप्स लॉक चालू राहिला की खातं लॉक होतं.

१८. जर्मनीत असलेली बहीण म्हणते तिकडे सगळीच नामं कॅपिटल, खरंय का?

खरंय. जर्मनमध्ये टेबल, कुत्रा, आनंद, काहीही नाम असलं की पहिलं अक्षर कॅपिटल, सामान्य असो की विशेष. म्हणजे तुमच्या भाच्याला शाळेत 'हे नाम आहे का' एवढंच ओळखावं लागतं, प्रश्न १ मधला सगळा घोळ कॅपिटलपुरता तरी वाचला. डॅनिशमध्ये पण असंच होतं, त्यांनी १९४८ मध्ये सोडून दिलं. इंग्रजीत सुद्धा सतराव्या-अठराव्या शतकात लोक बरीच नामं कॅपिटल लिहायचे, अमेरिकेची १७८७ ची मूळ राज्यघटना बघा, पहिल्याच वाक्यात पीपल, ऑर्डर, युनियन सगळे कॅपिटल आहेत.

१९. आयफोनचा आय स्मॉल, मग वाक्याची सुरुवात त्याने झाली तर?

कंपनीने नाव तसं ठेवलंय म्हणून वाक्याच्या मध्ये स्मॉल आय आणि कॅपिटल पी. वाक्याच्या सुरुवातीला काय करायचं यावर दोन तट आहेत, काही स्टाइलबुकं म्हणतात पहिलं अक्षर कॅपिटल करा, काही म्हणतात ब्रँडला हात लावू नका. सोपा उपाय, वाक्य फिरवा, 'माय आयफोन' किंवा 'द आयफोन' असं सुरू करा, प्रश्नच संपला. डिसूझा, डिमेलो अशा गोव्याच्या-वसईच्या आडनावांचं पण विचारतात, त्यात डी कॅपिटल, वर अपॉस्ट्रॉफी आणि पुढचा एस किंवा एम पण कॅपिटल असं साधारण लिहितात, पण काही घरं सगळं जोडून लिहितात. आडनाव ज्याचं त्याचं, तो सही करतो तसं लिहा.